बाहुली शांत झाली

तुम्ही खोटं बोललात, हा आमचा आरोप नाही. खोटं आम्ही जन्मापासून ऐकतोय, त्याची सवय आहे. आरोप वेगळाच आहे. खोटं बोलायला तुम्ही आमचीच माणसं घेतलीत. आमच्या घरातलं तोंड, आमच्या बोलीतला हेल, आमच्या बहिणीचा भरून आलेला गळा, सगळं पगारावर ठेवलंत आणि आमच्यावरच सोडलंत. घरचंच कुत्रं घरच्यांवर छू म्हणून सोडावं, तसं. आता तुमच्या काचेच्या खोलीत जरा गप्प बसा आणि योगिता बाविस्करचं काय केलंत ते ऐका.

योगिता तापीकाठच्या चिंचखेड्याची. चाळिशी उलटलेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, तोंडाने फटकळ. आधी एका दैनिकात बातमीदार होती. दैनिक बंद पडलं आणि शहराचा पाणीपुरवठा ज्या कंपनीने घेतला होता, तिथे ती जनसंपर्क अधिकारी झाली. काम तिच्या हातचं होतं. कोणत्या वार्ताहराला जेवणाआधी फोन करायचा, कोणाचं नाव निमंत्रणातून राहिलं तर तो वर्षभर रुसतो, नळाला गढूळ पाणी आलं तर 'गढूळ' हा शब्द न वापरता ते कसं लिहायचं, सगळं तिला पाठ. मग बातम्या यंत्र लिहायला लागलं. योगिताची खुर्ची हलायला लागली.

वाचवलं तिला कायद्याने. त्या सुमारास नकली आवाजांचा नुसता चिखल झाला होता. एका निवडणुकीत मेलेल्या पुढाऱ्याने प्रचारसभा घेतल्या आणि लोक हार घेऊन गेले. शेवटी कायदा आला: कोणत्याही संस्थेने लोकांसमोर बोलायचं तर जिवंत माणसाने, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या आवाजात बोललं पाहिजे. यंत्राने लिहिलेलं चालेल, यंत्राने बोललेलं चालणार नाही. झालं! माणसाच्या तोंडाला एका रात्रीत भाव आला. पण कोणतंही तोंड चालत नव्हतं, तयार केलेलं तोंड लागत होतं.

"बाविस्कर मॅडम, नाशिकला प्रशिक्षण आहे. नवमाध्यम जनसंपर्क," तिचे वरिष्ठ सरनाईक साहेब म्हणाले. "पास झालात तर तुम्ही आमचा चेहरा. नाही झालात तर... बघू."

'बघू' म्हणजे काय, हे तिला कळत होतं. तिनेच ते कित्येक नोटिसांत लिहिलं होतं.

नाशिकच्या त्या वर्गात मिहिका पेंडसे नावाची शिक्षिका होती. योगितापेक्षा निम्म्या वयाची, गोड बोलणारी, डोळ्यांची पापणी न हलवता चुका काढणारी. कॅमेऱ्याकडे कसं बघायचं, उभ्या व्हिडिओत हात कुठे ठेवायचे, प्रतिक्रियांचा नकाशा लाल व्हायला लागला की कुठे थांबायचं, हे सगळं पहिल्या आठवड्यात उरकलं. खरं शिक्षण पुढे होतं.

त्याचं असं आहे. माणूस चिडला की खुणा सोडतो. आवाजात बारीक थरथर येते, कानाला न कळणारी. टाइप करण्याआधी तो किती थांबतो, कोणता आवाजी निरोप पुन्हा ऐकतो, रात्री काय शोधतो, सगळं त्याच्या फोनमध्ये साठत असतं. त्यावरून त्या माणसाची नक्कल उभी करता येते. तिला सगळे बाहुली म्हणत. बाहुलीला तोंड नव्हतं, नुसता रागाचा एक दिवा होता, लाल किंवा हिरवा. संशोधकांना वाटलं होतं, लोकांना काय हवंय ते बाहुल्या सांगतील. बाहुल्यांनी भलतंच सांगितलं. चिडलेला माणूस मागतो एक आणि वाट बघत असतो दुसऱ्याचीच. मागत असतो पाइप, नोकरी, न्याय. वाट बघत असतो एका वाक्याची. ते वाक्य योग्य तोंडातून कानावर पडलं की खांदे खाली येतात, श्वास लांबतो, आणि पाइप फुटलेला तसाच राहिला तरी पुन्हा उठून भांडायची ताकद त्याच्यात उरत नाही. यंत्र काय करायचं? बाहुलीवर हजारो वाक्यं मारून बघायचं. तुम्ही चहा पिऊन होईपर्यंत त्यातलं नेमकं वाक्य सापडलेलं असायचं. मग ते बोलणाऱ्या माणसाच्या कानातल्या बोंडात, म्हणजे त्या इवल्याशा इअरफोनमध्ये यायचं. पुढचं काम माणसाच्या तोंडाचं.

वर्गात पैठणचा एक जण होता. तो म्हणाला, "मॅडम, हे तर आमच्या दहाव्यासारखं झालं."

परदेशात वाढलेल्या मिहिकाला कळेना. मग सगळ्यांनी मिळून तिला समजावलं. दहाव्याला नदीवर पिंड ठेवतात. कावळा शिवत नाही. मग नातेवाईक एकेक करून हात जोडतात. 'पोरीचं लग्न लावून देतो', 'विहीर पुरी करतो', 'धाकट्याला सांभाळतो.' कुठल्या तरी शब्दाला कावळा झेप घेतो, पिंडाला चोच लावतो, आणि सगळे 'शिवला, शिवला' म्हणत जेवायला उठतात.

"आणि विहीर?" मिहिकाने विचारलं.

"विहिरीचं कोण विचारतंय? कावळा शिवला ना!"

वर्ग खो खो हसला. योगिता सगळ्यात मोठ्याने. त्या दिवसापासून दिवा हिरवा झाला की सगळे म्हणायचे, कावळा शिवला. मिहिकाने ते आपल्या धड्यातही घालून घेतलं. बाई हुशार होती.

सरावासाठी प्रत्येकाने घरच्या एका माणसाची बाहुली बनवायची होती. योगिताने मायची बनवली. माय म्हणजे तिची आई, यमुनाबाई. अहिराणीतच बोलायची, लिहिता येत नव्हतं, म्हणून दिवसभर आवाजी निरोप पाठवायची. भाजी काय केली, शेजारीण कशी भांडली, धाकट्या भूषणने आज जेवण कसं टाकलं. बाहुलीला इतकं खाद्य कोणाकडेच नव्हतं.

मायच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ती ऑपरेशनला तीन वर्षं नाही म्हणत होती. यंत्राने वाक्य काढलं. योगिताने फोन लावला, मिहिकाने शिकवल्याप्रमाणे आधी थांबली आणि म्हणाली, "माय, मला आता तुझ्या डोळ्यांनी कोणी बघत नाही गं."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग माय म्हणाली, "कधी जानं शे दवाखानामा?"

वर्गाने टाळ्या वाजवल्या. योगिताच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. ऑपरेशन छान झालं. आता हे वाईट कसं म्हणायचं? योगितालाही म्हणता आलं नाही. सराव संपला, पण मायची बाहुली कोणी पुसली नाही. ती योगिताच्या फोनमधून रोज जेवत राहिली.

परतल्यावर पहिलं काम आलं भोंग्याचं.

चिंचखेड्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात पाण्यात क्लोरिन सोडतात. तो मोठ्या सिलिंडरमधून येतो. वायू जरा जरी सुटला तरी मापक ओळखतो आणि भोंगा वाजतो. गेले काही महिने तो उठसूट वाजत होता. शेजारच्या वसाहतीतले लोक चिडले होते. लेकरं दचकून उठतात, म्हातारी माणसं घाबरतात. त्यांची मागणी साधी होती: कुठे काय गळतंय ते बघा आणि दुरुस्त करा.

योगिताचा धाकटा भाऊ भूषण त्याच केंद्रात ऑपरेटर होता. ती त्याला भेटायला गेली. तो वडापाव खात पायरीवर बसला होता.

"आली का आमची रेडिओ!" तो म्हणाला. "बोल, आज काय प्रसारण?"

"गप रे. भोंगा का वाजतो सारखा? मापक बिघडलाय का?"

"मापक एकदम बेस आहे व ताई. सिलिंडरच्या तोंडाची झडप सडलीय. थोडा थोडा वायू सुटतो, भोंगा वाजतो. तो त्याचं काम करतो. तुझ्यासारखा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे खरं असलं तरच बोंबलतो."

ती हसली, त्याच्या डोक्यात टपली मारली. सरनाईकांना मात्र तिने सांगितलं. बैठकीत सरनाईक होते आणि भिंतीवरच्या पडद्यावर वरचे एक साहेब. सरनाईक म्हणाले, "झडप बदलायची तर केंद्र आठवडाभर बंद ठेवावं लागेल. मॅडम, तुम्हाला झडपा बसवायला घेतलंय की बोलायला?"

ती बोलली. वसाहतीच्या मैदानात, लोकांसमोर, कानात बोंड घालून. यंत्राने दिलेलं वाक्य होतं: "आपला भोंगा जरा जास्तच हळवा आहे, आईसारखा. उगाच काळजी करतो. तुमच्या लेकरांची झोप आता मोडणार नाही, हा मी शब्द देते."

'आईसारखा' म्हणताना तिचा गळा जेवढा भरून यायला हवा तेवढाच आला. लोक हसले. बायका मान डोलवायला लागल्या. नाशिकहून ऐकत असलेली मिहिका कानातल्या बोंडात पुटपुटली, "शिवला."

संध्याकाळी योगितासमोरच पुन्हा बैठक झाली. पडद्यावरचे साहेब म्हणाले, "बाईंनी शब्द दिलाय ना? मग भोंग्याची तार काढून टाका." लिहून कोणी काही घेतलं नाही. ते कोण साहेब, त्यांचं नाव काय, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. इथे ते नाव येणार नाही. ते सांगायचं काम योगिताचं होतं.

घरी भूषण भेटला तेव्हा तिला वाटलं, आता हा टोमणा मारणार. पण तो म्हणाला, "ताई, मैदानात मीपण मागे उभा होतो. तू असं बोललीस ना, की मलाच वाटलं, असेल बुवा मापक हळवा. आपल्यालाच काय कळतंय?"

योगिताला तेव्हा बरं वाटलं होतं. इतकं बरं वाटलं होतं, की तिने त्याला आग्रहाने जेवायला बसवून घेतलं.

क्लोरिन हवेपेक्षा जड असतो. सुटला की वर जात नाही, पाण्यासारखा खाली उतरतो आणि खोलगट जागेत साठतो. ओल्या फुप्फुसात गेला की तिथे त्याचं आम्ल होतं. म्हणजे माणूस आतून भाजतो. भर दुपारी झडप तुटली तेव्हा भूषण आणि दोन मदतनीस तळघरातल्या पंपांपाशी काम करत होते. भोंगा वाजला असता तर जिना चढून बाहेर यायला पुरेसा वेळ होता. जिना काही फार मोठा नव्हता. तिघेही त्या जिन्यावरच सापडले. सगळ्यात वर भूषण.

मदतनिसांच्या घरच्यांचे कावळे लगेच शिवले. कंपनीचे लोक गेले, वाक्यं बोलले, प्रेतं घरी गेली. यमुनाबाई मात्र सरकारी दवाखान्याच्या शवागाराबाहेर ओट्यावर बसली ती उठेना.

पोलीस आले, तलाठी आले, भाऊबंद आले. तिचं एकच.

"माले काहीच नको. भोंगा कोनी बंद कया, त्यानं नाव लिखा. मंग मी मना पोऱ्याले घर लई जासू."

कायद्याने तिचं बळ तेवढंच होतं. मुलाचं प्रेत ताब्यात घेत नाही तोवर प्रकरण जिवंत. ताब्यात घेतलं, जाळलं, की प्रकरणही जळालं. शहर तिच्याभोवती गोळा व्हायला लागलं. वसाहतीतल्या बायका भाकरी घेऊन येऊन बसल्या. गुन्हा नोंदवावा लागेल, असं फौजदार खाजगीत म्हणायला लागला.

आणि योगिता? ती मायच्या शेजारी बसली होती. तिने ठरवलं होतं, नाव आपणच सांगायचं. अर्जही मनात तयार होता. उद्या सकाळी.

दुपारी सरनाईकांनी तिला गाडीत बोलावलं. गाडी थंडगार होती. समोरच्या टॅबवर मायची बाहुली उघडी होती. दिवा लाल.

"नाही," योगिता म्हणाली. "साहेब, मला यातलं काही सांगू नका. मी जबाब देणार आहे."

"द्या ना," सरनाईक म्हणाले. "तुमचा हक्क आहे." मग त्यांनी एक बोट हळूच कानाला लावलं. जरा थांबले. गळा जेवढा भरून यायला हवा तेवढाच आला. "योगिता, तुम्ही नाही बोललात तर दुसऱ्या कोणाला पाठवतील. परकं माणूस. माय कशी तुटेल तिच्यासमोर! तुमच्या तोंडून ऐकेल तर निदान डोकं तरी तुमच्या मांडीवर ठेवेल."

तिने ते बोट बघितलं होतं. कर्मचाऱ्यांच्याही बाहुल्या असतात, हे मिहिकानेच सांगितलं होतं. हे वाक्य आपल्या बाहुलीवर मारून बघितलेलं आहे, हे तिला त्या क्षणी स्वच्छ कळलं. आणि तरीही तिचे खांदे खाली आले. कळून काही उपयोग नसतो. उकळतं पाणी आहे हे कळल्याने हात भाजायचा राहत नाही.

तिने कानात बोंड घातलं.

ओट्यावर ती मायच्या पायांशी बसली. वाक्य कानात आलं. सुरुवातीला तिला ते समजलंच नाही, इतकं छोटं होतं. मग समजलं. अपघाताच्या रात्री मायने फोनवर रडत तिला सांगितलं होतं, की भूषणचे डोळे सकाळपासून चुरचुरत होते, त्याला कामावर जायचं नव्हतं. 'मीच म्हटलं, घरी बसून काय करतोस, जा.' फक्त तिलाच सांगितलं होतं. बाहुली तेही जेवली होती.

यंत्राचं एक आहे, त्याला राग मावळलाय की माणूस मेलाय यातला फरक दिसत नाही. दिवा दोन्ही वेळेला हिरवाच होतो. दुसऱ्यावरचा राग सगळ्यात लवकर कसा विझतो, हे त्याने शोधून काढलं होतं: तो माणसाच्या स्वतःच्या अंगावर वळवायचा.

योगिता थांबली. शिकवलं होतं तेवढं थांबली. मायचा हात हातात घेतला.

"माय," ती म्हणाली, "त्या दिवशी भूषणला जायचं नव्हतं ना गं?"

यमुनाबाईने लेकीकडे बघितलं. नव्या डोळ्यांनी, स्वच्छ बघितलं. मग बसल्या जागी ती लहान होत गेली. पदर तोंडात कोंबला, पण रडण्याचा आवाज आला नाही. जरा वेळाने तिने हवालदाराला खूण केली आणि प्रेताच्या ताब्याच्या कागदासाठी अंगठा पुढे केला.

डोकं लेकीच्या मांडीवर वगैरे काही ठेवलं नाही.

गाडीत दिवा हिरवा झाला. बायका भाकऱ्यांची फडकी उचलून घरी गेल्या. फौजदाराने सुटकेचा निःश्वास टाकला. भूषण त्याच दिवशी जळला.

त्यानंतर माय बोलली नाही. जेवण पुढे ठेवलं तर जेवे, नाही ठेवलं तर नाही. फोनला हात लावत नव्हती. योगिताला कंपनीने बढती दिली. तिने ती घेतली. काय करणार होती? दुसरं काही शिकली नव्हती ती.

दहाव्याला सगळे तापीवर गेले. चुलतकाका नानांनी विधी केला. पिंड ठेवला. पलीकडे बाभळीवर कावळे बसले होते, चांगले पाच-सहा, पण एक खाली येईल तर शपथ. ऊन चढलं. पोटात कावळे ओरडायला लागले ते माणसांच्या.

"भूषण, तुझ्या मायला सांभाळू रे!" नाना म्हणाले. कावळा ढिम्म.

"तुझी मोटरसायकल विकणार नाही," एक चुलतभाऊ म्हणाला. नाही.

"अरे, त्याला तिखट आवडायचं, पिंडाजवळ मिरचीचा ठेचा ठेवा," कोणीतरी म्हणालं. ठेवला. नाही.

"योगे, तू बोल," नाना म्हणाले. "त्याचा जीव तुझ्यावर. आणि तुला तर बोलता येतं."

योगिता पुढे आली. कानात काही नव्हतं. बोंड घरी ठेवून आली होती, मुद्दाम. पिंडासमोर हात जोडून उभी राहिली. तेवढ्यात मागून आवाज आला. इतक्या दिवसांत न ऐकलेला, खरवडलेला.

"त्याले शब्द नको," माय म्हणाली. "त्याले नाव पाहिजे. योगे, तू तठे व्हती. भोंगा कोनी बंद कया?"

नानांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. योगिताच्या जिभेवर नाव होतं. तीन अक्षरं आणि मग आडनाव. तिने तोंड उघडलं.

उघडलं, आणि ती थांबली. शिकवलं होतं तेवढं थांबली. मान किंचित कलली, गळा भरून आला, जेवढा यायला हवा तेवढाच.

"माय," ती म्हणाली, "मी आहे ना. त्याला न्याय मिळेपर्यंत मी झोपणार नाही, हा माझा शब्द आहे."

कानात बोंड नसताना. कोणी न सांगता.

आणि बाभळीवरून कावळा उतरला. त्याला भूक लागली असेल. त्याला कोणाच्या शब्दाशी काय देणंघेणं? त्याने पिंडात चोच घातली, ठेचा लागला तशी मान झटकली, पुन्हा घातली.

"शिवला! शिवला!" सगळे एकदम ओरडले. नानांनी डोळे पुसले. चपला शोधल्या जाऊ लागल्या. कोणीतरी म्हणालं, वरण निवलं असेल. योगिता तिथेच उभी होती, दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड धरून, एखाद्या परक्याचं धरावं तसं.

माय उठली नाही. वाळूत बसून ती लेकीकडे बघत होती.

"नाव," ती म्हणाली.

ती तिथे अजून बसलेली आहे असं समजा. योगिता सांगणार नाही. तिच्या जिभेचं काय केलंत ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून आता तुम्हाला विचारतोय. त्या दिवशी पडद्यावर तुम्हीच होतात. आम्हाला वाक्य नको, खेद नको, चौकशी समिती नको, भरून आलेला गळा तर मुळीच नको. कानातलं बोंड काढा, तापीच्या वाळूत त्या बाईसमोर उभे राहा आणि तुमच्या स्वतःच्या तोंडाने सांगा.

भोंगा कोणी बंद केला?